रेड इंडियन, नेटिव्ह अमेरिकन की मूलनिवासी? मराठीत लिहिताना कोणतं नाव निवडावं

कोलंबस १४९२ मध्ये पोचला तेव्हा अमेरिकेत आधीपासून राहत असलेल्या लोकांना मराठीत म्हणायचं काय? लेख लिहिणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, मुलांना इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रश्न पडतोच.

‘रेड इंडियन’ आधीच बाजूला काढू. हे नाव आपल्याकडे इंग्रजांच्या मार्फत आलं, भाषांतरित गोष्टींतून रुळलं आणि अजूनही सहज तोंडी येतं. पण ते कातडीच्या रंगावरून पाडलेलं आहे, तेही आपण भारतात पोचलो या वाट चुकलेल्या खलाशाच्या समजुतीवर. याच जातकुळीचं ‘रेडस्किन्स’ हे नाव वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने अनेक वर्षांच्या विरोधानंतर २०२० मध्ये टाकलं. जुन्या पुस्तकातला उतारा देताना ठेवा, स्वतःच्या वाक्यात नको.

खरी चुरस ‘अमेरिकन इंडियन’ आणि ‘नेटिव्ह अमेरिकन’ यांच्यात आहे. दुसरं नाव जास्त सभ्य, विषय संपला, असं आपल्याला वाटतं. पण १९९५ मध्ये सरकारी पाहणीत त्या लोकांनाच विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी ‘अमेरिकन इंडियन’ला पसंती दिली. ‘नेटिव्ह अमेरिकन’ म्हणणारे ३७ टक्क्यांच्या आसपास होते. १९६८ साली मिनियापोलिसमध्ये उभ्या राहिलेल्या लढाऊ चळवळीचं नावच ‘अमेरिकन इंडियन मूव्हमेंट’. तिचे नेते, लाकोटा समाजाचे रसेल मीन्स म्हणत, अमेरिकेत जन्मलेला कुणीही स्वतःला ‘नेटिव्ह’ म्हणवून घेऊ शकतो, मग आमचं वेगळेपण कुठे राहिलं? शिवाय राज्यघटनेत, करारांत, कायद्यांत शब्द आहे तो ‘इंडियन’च. जमिनीचे, मासेमारीचे, आरोग्यसेवेचे हक्क त्याच कागदांवर उभे आहेत. त्यामुळे त्या शब्दाला चिकटून राहणारा माणूस मागासलेला नाही, तो व्यवहारी आहे.

तरीही मराठीत मी ‘नेटिव्ह अमेरिकन’च निवडेन, आणि कारण सभ्यतेचं नाही. ‘अमेरिकन इंडियन’ वाचलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे न्यू जर्सीतले कुलकर्णी येतात. तिकडच्या जनगणनेलाही १९८० मध्ये आपल्या लोकांसाठी ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना करावा लागला होता. संस्थांची नावं मात्र आहेत तशीच लिहावीत. ‘ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स’ या अमेरिकी सरकारी खात्याला आपण नवं नाव देऊ नये.

सीमा ओलांडली की गणित बदलतं. कॅनडात ‘फर्स्ट नेशन्स’ चालतं, पण त्यात उत्तर ध्रुवाकडचे इनुइट आणि मूलनिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे मेटी लोक येत नाहीत. तिघांसाठी मिळून ‘इंडिजिनस’ म्हणतात. गंमत म्हणजे तिथला १८७६ चा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ त्याच नावाने अजून लागू आहे. ‘एस्किमो’ टाळावं; मात्र अलास्कातल्या युपिक लोकांना सरसकट ‘इनुइट’ म्हणणंही चूकच. दक्षिणेकडे, लॅटिन अमेरिकेत, ‘इंडिओ’ ही बऱ्याच ठिकाणी शिवी ठरते, तिथे ‘इंदिहेना’ हा शब्द आहे. ब्राझीलने या लोकांसाठीच्या सरकारी संस्थेच्या नावातून ‘इंडिओ’ २०२३ मध्ये काढून टाकला.

दोन्ही खंडांबद्दल एकत्र बोलायचं तर? ‘आदिवासी’ जवळचा शब्द आहे, पण तो लिहिला की वाचक जव्हार-मेळघाटच्या चौकटीत विचार करू लागतो. इंका किंवा अ‍ॅझ्टेक साम्राज्यांना तो अजिबात बसत नाही. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात बहुजन चळवळीचा राजकीय अर्थ चिकटलेला आहे. तरी ‘अमेरिकेतले मूलनिवासी’ म्हटल्यावर घोटाळा होत नाही. मला तेच बरं वाटतं.

पण ही सगळी छत्रीसारखी नावं आहेत आणि बहुतेक वेळा त्यांची गरजच नसते. माणूस चेरोकी असेल तर चेरोकी म्हणा. मागे ‘जमात’ लावण्याआधी थांबा: चेरोकी आणि नवाहो स्वतःला ‘नेशन’ म्हणवतात, त्यांची सरकारं, न्यायालयं, पोलीस आहेत. नवाहो लोक आपल्या भाषेत स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणून पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं द्यावीत. आणि जुना नकाशा हाती असेल तर जपून. अ‍ॅरिझोनाच्या तोहोनो ओओधाम लोकांनी ‘पापागो’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव १९८६ मध्ये अधिकृतपणे सोडलं, तरी जुन्या नकाशांवर ते तसंच छापलेलं सापडतं.