एक पान, लेखांची साइट की सभासदत्व? माहिती विकणाऱ्याने ऑनलाइन दुकान कसं मांडावं

नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या नोट्स झेरॉक्स होऊन विकल्या जातात, कोथरूडात कुणी तबल्याचे धडे रेकॉर्ड करून ठेवलेत, बाणेरमध्ये कुणी छोट्या दुकानदारांसाठी जीएसटीचा कोर्स तयार केलाय. माल तयार असतो. मग साइट करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो "किती पानांची साइट लागेल?" हा. खरं तर तो शेवटी यायला हवा. आधी बघायचं ते गिऱ्हाइकाची अडचण कशी येते: एकदाच येते, सुट्या सुट्या प्रश्नांनी येते, की दर महिन्याला दारात उभी राहते? मांडणी त्यावरून ठरते. तुमच्याकडे किती फाइली आहेत यावरून ती ठरवू नये.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, एका निवृत्त हिशेबनीसांनी गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी संच केला आहे. त्यात सभेच्या नोटिसा, इतिवृत्ताचे मसुदे, सभासदांची आय आणि जे नमुन्यातली रजिस्टरं, थकबाकीदाराला धाडायची पत्रं, आणि हे सगळं भरायचं कसं ते दाखवणारे व्हिडिओ. किंमत १,४९९ रुपये. पुण्यात या मालाला गिऱ्हाईक आहे का, हे विचारायलाच नको. जिथे लिफ्ट आहे तिथे लिफ्टच्या खर्चावरून वाद आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: दहातल्या सात-आठ जणांनी लेखांची साइट करावी आणि तिच्या पोटात प्रत्येक वस्तूचं वेगळं विक्रीचं पान ठेवावं. उरलेल्यांचं काय, ते पुढे येतंच.

एकच लांब पान

एका वस्तूसाठी एक पान, आणि त्यावर पैसे भरायचं बटण. मेनू नाही, लेख नाहीत. हे अप्पा बळवंत चौकातल्या काउंटरसारखं आहे: पुस्तकाचं नाव सांगायचं, दुकानदार काढून देतो, चाळत बसायला जागाच नाही. काय हवंय हे ज्याला ठाऊक आहे त्याची यात उत्तम सोय होते. ज्याला ठाऊक नाही तो इथवर पोचतच नाही, कारण गूगलवरून अशा एकट्या पानाकडे येणाऱ्या वाटा फार थोड्या. माणसं तुम्हालाच आणावी लागतात: जाहिरात देऊन, यूट्यूब चॅनलवरून, नाहीतर व्याख्यान संपल्यावर जागच्या जागी फोन काढणाऱ्या श्रोत्यांमधून. अशी माणसं हाताशी असतील तर एका पानात काम भागतं आणि ते पान चार दिवसांत उभंही राहतं.

बहुतेक पानं विकणाऱ्याच्या फोटोने आणि जीवनप्रवासाने सुरू होतात. मोबाइलवर वाचणारा सेक्रेटरी मात्र दोनच गोष्टी शोधत खाली सरकत असतो: आत नेमकं काय आहे आणि किती पैसे. मग ते पहिल्याच पडद्यावर सांगा ना. "वार्षिक सभेपासून थकबाकी वसुलीपर्यंतचे मसुदे, मराठीत, वर्ड फाइलमध्ये. १,४९९ रुपये." त्याखाली पूर्ण अनुक्रमणिका. त्याखाली एक मसुदा अथपासून इतिपर्यंत, कुठेही पुसट न करता. मग हा संच कुणासाठी नाही ते. "नुसत्या दुकानगाळ्यांच्या असोसिएशनला याचा उपयोग होणार नाही" हे एक वाक्य दहा प्रशस्तिपत्रांहून जास्त विश्वास मिळवून देतं, आणि उद्या पैसे परत मागणारे आजच गळतात. शेवटी, पैसे भरल्यावर काय होणार: लिंक ईमेलवर येणार की व्हॉट्सअॅपवर, किती वेळात, आणि फाइल पुन्हा उतरवून घेता येणार का.

या पानांना एक खोड आहे. उलटी मोजणी करणारं घड्याळ आणि "फक्त ३ जागा शिल्लक". पीडीएफला कसल्या जागा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई दाखवणं येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, पान रीफ्रेश केल्यावर घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर येतं हे आपल्याकडच्या गिऱ्हाइकाने पहिल्या झटक्यात तपासलेलं असतं.

लेखांची साइट

सोसायटीची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्टमध्ये केव्हातरी नवा सेक्रेटरी (दुसऱ्या कुणी हात वर केला नाही म्हणून झालेला) रात्री साडेदहाला फोनवर शोधतो: वार्षिक सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची? त्याला अजून संच विकत घ्यायचा नाही. असा संच मिळतो हेही त्याला माहीत नाही. एकट्या विक्रीच्या पानाला हा माणूस कधीच सापडणार नाही. लेखांच्या साइटला सापडतो.

त्याला उत्तर पहिल्या ओळीत द्या: आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) १४ पूर्ण दिवस. मग नोटिशीत कोणते विषय घ्यायचे, कुणाकुणाला पोचवायची, फलकावर लावायची का, हे सगळं फुकट. आणि त्याखाली एकच ओळ: तयार नोटीस हवी असेल तर संचात आहे, नाव आणि तारीख भरा, प्रिंट काढा.

फुकट काय द्यायचं आणि विकायचं काय, यावर लोक महिनोन्‌महिने घोळ घालतात. वरच्या उदाहरणात ती रेघ आपोआप पडली आहे: माहिती फुकट, तयार काम विकत. नियम कुठेही मिळतो. रात्री साडेदहाला छापता येईल असा कागद मिळत नाही. तबला शिकवणाऱ्याने 'कायदा' या तबल्यातल्या रचनेची मांडणी फुकट समजावून सांगावी आणि रोजच्या रियाजाचा आखून दिलेला क्रम विकावा. नोट्सवाल्याने अभ्यासक्रमाची फोड फुकट द्यावी, उत्तरं तपासून देण्याचे पैसे घ्यावेत.

आता आतली रचना. लेख तारखेप्रमाणे एकाखाली एक लावू नका. गेल्या वर्षीचा उत्तम लेख चौदाव्या पानावर जाऊन पडतो. विषयवार कप्पे करा: सभा, हिशेब, थकबाकी, सदनिका हस्तांतरण, दुरुस्ती. प्रत्येक कप्प्याचं एक मुख्य पान, त्यावरून लेखांकडे दुवे, लेखांतून परत मुख्य पानाकडे दुवा. प्रत्येक लेखातून विक्रीच्या एकाच पानाकडे वाट. तीन वस्तूंच्या तीन जाहिराती एका लेखात घुसवल्या की वाचणारा एकीकडेही जात नाही.

पानाच्या पत्त्यात वर्ष घालायचा मोह टाळा. "सभा-नोटीस-२०२५" असा पत्ता दिला की पुढच्या वर्षी नवं पान करावं लागतं आणि जुन्या पानाने गूगलकडे कमावलेली पत तिथेच राहते. पत्ता कायम ठेवा, मजकूर बदला, वर "अमुक महिन्यात सुधारलं" असं लिहा. पत्ता बदलणं भागच पडलं तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नवं पान दाखवायची सोय) लावून घ्या. साइट करणाऱ्याला ते पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय तो करेलच असं नाही.

मराठीत विकणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते, आणि ती पुण्यात जास्त दिसते. जुना मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला. ती पुण्याचीच, इथल्या छपाईचा मोठा पसारा तिच्यावर उभा राहिला. पण तिच्या जुन्या, युनिकोड (कोणत्याही यंत्रावर वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर वेबवर चिकटवला तर अगम्य खुणा दिसतात, आणि त्याचं चित्र करून लावलं तर गूगलच्या शोधात त्याचा काही उपयोग होत नाही. त्याहून वाईट म्हणजे विकलेली वर्ड फाइल. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की १,४९९ रुपयांच्या मसुद्याच्या जागी कचरा उमटतो. विक्री सुरू करण्याआधी सगळं युनिकोडमध्ये करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

या मांडणीची किंमत म्हणजे वेळ. लेख गूगलवर वर यायला महिने जातात, आणि लिहिण्याचा कंटाळा असेल तर चौथ्या लेखानंतर साइट ओस पडते. साइट उभी करायचं वर्डप्रेस आणि त्याला दुकान जोडायचं वूकॉमर्स फुकट आहेत. डोमेन, होस्टिंग आणि वेळच्या वेळी अपडेट करणारा माणूस फुकट नाही.

सभासदत्व

दर महिन्याला पैसे येणार, या कल्पनेनेच लोक इकडे ओढले जातात. आधी गणित करा. संच एकदा १,४९९ ला विकण्याऐवजी महिना १९९ लावले, तर सभासद आठ महिने टिकला तरच जास्त पैसे मिळतात. आपला सेक्रेटरी सप्टेंबरची सभा पार पडली की ऑक्टोबरमध्ये साइट विसरतो. त्याच्यासाठी सभासदत्व हा चुकीचा घाट आहे.

जीएसटीचा कोर्स विकणाऱ्याचं वेगळं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी चुकत नाही. अडचणच मासिक, तर वर्गणीही मासिक चालेल. चालू घडामोडी देणाऱ्यांचं तसंच. विद्यार्थ्याचं वादन ऐकून चुका सांगणाऱ्या तबलजींचंही तसंच.

पैसे आपोआप कापले जाण्याच्या भरवशावर मात्र राहू नका. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले: पहिल्यांदा ओटीपीने संमती, आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना. १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण ती सूचना जातेच. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. तुमच्या दृष्टीने, "हे अजून हवंय का?" हा प्रश्न बँक दरमहा त्याला विचारते. म्हणून मी वार्षिक वर्गणी सुचवतो. मासिकांमुळे आपल्याकडे तिची सवय आहे, आणि वर्षातून एकदाच विचारला गेलेला प्रश्न परवडतो. रद्द करायची सोय सभासद होण्याइतकीच सोपी ठेवा. वर्गणीत अडकवून ठेवणं हेही त्या १३ क्लृप्त्यांत मोजलंय.

बाकी, लॉगिन आलं की पासवर्ड विसरणारे आले. त्यांचे फोन दुपारी जेवायच्या वेळेलाच येतात.

आयता बाजार

स्वतःची साइट न करता उडेमी (ऑनलाइन कोर्सचा बाजार) किंवा गमरोडवर (डिजिटल फाइली विकायची साइट) माल ठेवता येतो. उडेमीवर त्यांच्या बाजारातून झालेल्या विक्रीत शिक्षकाला ३७ टक्के मिळतात, स्वतःच्या कूपनने आणलेल्या गिऱ्हाइकावर ९७. गमरोडची फी १० टक्क्यांपासून सुरू होते. स्वतःच्या साइटवर पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी) साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो, म्हणजे १,४९९ मागे ३५ रुपये. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे स्वीकारण्याबद्दल विक्रेत्याकडून घेतलं जाणारं शुल्क) शून्य आहे, तरी गेटवे आपली वेगळी फी लावू शकतो, करार वाचून घ्या.

पण टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा ईमेल. उडेमी तो देत नाही. संचाची सुधारित आवृत्ती काढलीत, तर ज्यांनी पहिली घेतली त्यांना साइटबाहेर कळवायचं कसं? मागणी आहे का ते चाचपून बघायला आयता बाजार ठीक. घर तिथे बांधू नये.

मग कुणी काय घ्यावं

सोसायटी संच: लेखांची साइट, आत एक विक्रीचं पान. जीएसटी: तीच साइट, पण शेवटी वार्षिक सभासदत्व. यूट्यूबवर आधीच श्रोते जमलेले तबलजी: सध्या एक पान पुरे, लेखांच्या भानगडीत पडू नये. मात्र ते पान स्वतःच्या डोमेनवर हवं, म्हणजे पुढे वाढवायचं झालं तर पत्ता बदलत नाही. नोट्सवाल्यांकडे दहा विषय असतील तर दहा साइट करू नयेत. एक डोमेन, दहा कप्पे.

कोणतीही मांडणी घेतली तरी काही पानं लागतातच: संपर्क, अटी, गोपनीयता, पैसे परत करण्याचं धोरण. गेटवेवाले खातं उघडतानाच ती बघतात. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, नियमित व्यवसाय म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी दाखवायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायला हवा. एकटेच असाल तर अधिकारी तुम्हीच. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरीही.

राहता राहिली चोरी. पीडीएफवर विकत घेणाऱ्याचं नाव छापणारं प्लगइन मिळतं, ते लावा. वर्ड फाइलला कुलूप घालण्याच्या मागे लागू नका, ती फिरणारच. त्यापेक्षा प्रत्येक मसुद्याच्या तळाशी बारीक अक्षरात साइटचा पत्ता आणि आवृत्तीची तारीख टाका. कमिटी बदलली की ती फाइल पेनड्राइव्हवरून पुढच्या सेक्रेटरीकडे जाते, आणि त्याला जुन्या तारखेची नोटीस चालत नाही.