इम्प्लांट बसवलंत? मग डबीवरचा स्टिकर कुठे आहे?

आमच्या आत्याच्या खालच्या ओठाची उजवी बाजू गेल्या पावसाळ्यापासून बधिर आहे. चहा हनुवटीवरून ओघळला तरी तिला कळत नाही, समोरच्याने खूण करावी लागते. दाताच्या इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायच्या सर्जरीत नसेला इजा होऊ शकते, ही डॉक्टरांनाही माहीत असलेली गुंतागुंत आहे. तेवढ्यावरून मी कुणाला लबाड म्हणणार नाही. लबाडी झाली ती सर्जरीच्या आधी आणि नंतर.

सोसायटीत मोफत दंततपासणी शिबिर लागलं होतं, ‘तीन दिवसांत पक्के दात’. आत्याच्या खालच्या उजव्या दोन दाढा कैक वर्षांपूर्वी काढलेल्या. क्लिनिकमध्ये तिचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, आणि डॉक्टरांच्या आधी एक कोऑर्डिनेटर मुलगी येऊन बसली. “काकू, हाड छान आहे. स्विस कंपनीचं इम्प्लांट टाकू, लाइफटाइम वॉरंटी. हप्त्यांची सोय मी करून देते, फक्त ओटीपी सांगा.” तो ओटीपी फायनान्स कंपनीच्या कर्जाचा होता. ड्रिल हातात घेण्याआधीच सगळी रक्कम क्लिनिकच्या खात्यात गेली. त्यानंतर त्यांना कसली घाई असणार?

आता हाडाचं. दाढ काढली की तिथलं हाड वर्षानुवर्षं वरून झिजत जातं. खालच्या जबड्याच्या आतून एक नळी जाते, तिच्यात ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहणारी नस असते. हाड झिजलं की वरची कड आणि नळी यांतलं अंतर कमी होतं. इम्प्लांटचं टोक आणि नळी यांत किमान 2 मिलिमीटर जागा राखायची, असा सर्वसाधारण नियम आहे. ओपीजी हे सपाट चित्र. त्यात मापं थोडी फुगलेली येतात आणि हाडाची जाडी दिसतच नाही. ती दिसते सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये. आत्याचा सीबीसीटी काढलाच नाही. मधुमेह आहे का, एवढं विचारलं. एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर किती, हे कुणी पाहिलं नाही.

सर्जन ‘बाहेरून येतात’. कोण आले होते, हे आजही एकाही कागदावर नाही.

संध्याकाळी इंजेक्शनचा असर उतरला, ओठ मात्र जागा झाला नाही. मी फोन केला, तर “सूज आहे, उतरेल. बी-कॉम्प्लेक्स सुरू करा.” दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयात गेलो तेव्हा तिथल्या सर्जननी सीबीसीटी स्क्रीनवर फिरवून दाखवला. दोनपैकी मागच्या बाजूच्या इम्प्लांटचं टोक सरळ नळीत उतरलेलं. बधिरपणा इंजेक्शनच्या वेळेपलीकडे टिकला, तर त्याच दिवशी स्कॅन करायचा असतो. टोक नळीत असेल तर इम्प्लांट काढायचं, शक्यतो पहिल्या दिवस-दीड दिवसात. उशीर होईल तशी नस सुधारण्याची आशा कमी होते. आमचे ते तास ‘सूज आहे’ ऐकण्यात गेले. माझा खरा राग इथे आहे.

‘तीन दिवस’ ही जाहिरातसुद्धा अर्धीच खरी. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, या आधारावर स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्यात ही पकड यायला साधारण तीन महिने देण्याची रीत आहे. ताबडतोब दात देण्याचं तंत्र आहे, पण ते पारखून निवडलेल्या रुग्णासाठी. आत्याला तिसऱ्या दिवशी कॅप लावल्या. पुढच्या बाजूचं इम्प्लांट हलायला लागलं.

आणि स्टिकर. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर सोलून काढायचे स्टिकर असतात. त्यावर कंपनी, लॉट नंबर, व्यास आणि लांबी छापलेली असते. एक क्लिनिकच्या फाइलला लावायचा, एक रुग्णाला द्यायचा. आम्ही मागितला तेव्हा क्लिनिकच्याच शिक्क्याचं गुळगुळीत कार्ड मिळालं, ‘टायटॅनियम इम्प्लांट - 2’. बिलावर स्विस कंपनी, एक्स-रेतल्या स्क्रूचा आकार मात्र तिच्या मालाशी जुळत नाही, असं महाविद्यालयातल्या सर्जननी सांगितलं. हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. प्रत्येक कंपनीचे सुटे भाग आणि ड्रायव्हर वेगळे असतात. उद्या स्क्रू सैल झाला आणि माल कुणाचा हेच ठाऊक नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरने तो उघडायचा कशाने?

भांडायला गेल्यावर त्यांनी इंग्रजी संमतीपत्र पुढे केलं. त्यात नसेच्या इजेची ओळ होती, खाली आत्याची सही. असू दे. त्या सहीने खोटं बिल खरं होत नाही.

सर्जरीआधी सीबीसीटीची सीडी, सर्जनचं नाव आणि नोंदणी क्रमांक, आणि त्याच दिवशी स्टिकर, हे मागून घ्या. नाव महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे पडताळता येतं. तक्रारीला 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

आम्ही गेलो आहोत. हप्ता अजून कापला जातो, थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत बिघडेल असं फायनान्सवाले म्हणतात. म्हणून तक्रारीत सामनेवाला (विरुद्ध पक्ष) क्रमांक 2 त्यांनाच केलं आहे.