आइसबोर्न: गार्डियन घालून जायचं की स्वतः शिवलेलं?

'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' या राक्षसांच्या शिकारीच्या व्हिडिओ गेमची मूळ गोष्ट संपली, तिथला शेवटचा राक्षस झेनो'जीवा पडला, की आइसबोर्नचं दार उघडतं. २०१९ला हा विस्तार आला, तेव्हा सगळे मूळ गेमच्या वरच्या पातळीत, हाय रँकमध्ये, कमावलेल्या आपापल्या कवचानिशीच बर्फात उतरले. नंतर गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने गार्डियन नावाचं कवच आणि डिफेंडर नावाची शस्त्रं अगदी सुरुवातीपासून देऊन टाकली.

फुकटचं सामान घेतलंत तर वाट झपाट्याने सरते, हे खरंच. डिफेंडरची तलवार इतकी जबर की राक्षस दोन-चार चाली दाखवायच्या आतच आडवा. पण नेमकी गोची तिथेच होते. रथालोस हा उडता राक्षस पंजे पुढे काढून झेप घेतो तेव्हा कुठल्या बाजूला लोळायचं, हे अंगात मुरतच नाही. मग आइसबोर्नच्या बर्फाळ प्रदेशात, होरफ्रॉस्ट रीचमध्ये, बियोटोडस नावाचा राक्षस बर्फाखालून शिंग काढत येतो, एका धडकेत अर्धं आयुष्य नेतो, आणि आपण औषध प्यायला तिथेच उभे! (मीही असाच तीनदा बेशुद्ध पडून, गाडीवर लादून छावणीत परतलोय.)

स्वतः जमवलेल्या सामानाला वेळ लागतो. नर्गिगांतेसारख्या राक्षसाच्या मागे कित्येक संध्याकाळ निघून जातात. पण क्लच क्लॉने, म्हणजे हातावरच्या आकड्याने, डोक्याला लटकायचं, राक्षस चवताळलेला नसताना स्लिंगर, म्हणजे हातावरची गोफण, रिकामी करून त्याला भिंतीवर आपटायचं, हे जमायला तो सराव लागतोच.

माझं मत? मित्र पुढे निघून गेले असतील तर गार्डियन घाला, पण शस्त्र स्वतःचंच ठेवा. मास्टर रँकचं, म्हणजे आइसबोर्नच्या पातळीचं, साधं हाडांचं कवच मिळालं की गार्डियन तसंही पेटीत जातं. थंडीपासून वाचवणारं हॉट ड्रिंक मात्र कुठलंही कवच घाला, लागतंच.