टक्स पेंट की क्रिटा?

चित्रं काढायची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतात. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर डोळे झाकून टक्स पेंट घ्या. 2002 पासूनचं हे सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवरही सुरळीत चालतं. 'जादू' विभागातलं विटांचं साधन घेऊन माऊस फिरवला की भिंत उभी राहते. सेव्ह करताना फाईलचं नावसुद्धा विचारत नाही, आणि उघडताना चित्रं छोट्या रूपात समोर दिसतात.

मोठ्यांनी मात्र क्रिटाच घ्यावं. सुरुवातीला बटणांची गर्दी बघून गांगरायला होतं, पण लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर) शिकलात की खालचं स्केच न बिघडवता वर रंगवता येतं. हात थरथरत असेल तर ब्रशचा स्टॅबिलायझर चालू करा, रेघ लगेच सुधारते. पेन टॅब्लेट (कॉम्प्युटरला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) नंतर घेतला तरी चालेल.