कुडाळात मोटर भरून मिळते, तिथेच सिंथचा ट्रान्सफॉर्मरही: पाचपैकी चार तारे

पाटी गंजून कोरी झाली आहे, त्यामुळे दुकानाचं नाव शोधू नका. कुडाळच्या बाजारात ‘मोटर भरतात ते मिस्त्री’ म्हटलं की रस्ता दाखवतात. मोटर भरणं म्हणजे जळलेलं तारेचं वेटोळं काढून नवं गुंडाळणं. विहिरीचे पंप, मिक्सर, टेबलफॅन हे त्यांचं रोजचं काम. माझं काम वेगळं होतं. घरी बनवलेल्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरला, म्हणजे सर्किटांतून सूर काढणाऱ्या वाद्याला, अधिक-उणे 12 वरून अधिक-उणे 15 व्होल्टवर न्यायचं होतं.

आज सुटे भाग जोडून सिंथ बनवणारे मॉड्युलरवाले सर्रास 12 वापरतात, कारण युरोरॅक या त्यांच्या प्रचलित मानकाचं माप तेच आहे. माझी सर्किटं जुन्या वळणाची, 15 धरून आखलेली. ती 12 वर चालतात, पण रेलमधून, म्हणजे सप्लायच्या अधिक किंवा उणे तारेतून, थेट करंट घेणारा प्रत्येक रेझिस्टर 0.8 पट करावा लागतो. म्हणजे 100 केच्या जागी 82 के, आणि असे डझनांनी. त्यापेक्षा सप्लाय बदललेला परवडला. टीएल 072 या ऑप-अँप चिपला अधिक-उणे 18 पर्यंत चालतं. 4066 ही स्विचची चिप मी नुसत्या अधिक 15 वर ठेवली आहे. या मालिकेतल्या चिपांना दोन टोकांत मिळून 30 व्होल्ट दिले तर त्या गेल्याच.

बाजारातला तयार 15-0-15 ट्रान्सफॉर्मर (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना 15 व्होल्ट एसी) दिवसा छान चालायचा. 230 व्होल्ट असताना डायोडनंतर, म्हणजे एसीचं डीसी झाल्यावर, शिखराचे साडेवीस मिळतात, आणि अधिक 15 स्थिर ठेवणाऱ्या 7815 रेग्युलेटरला सतरा पुरतात. पण आमच्या मालवणच्या घरी संध्याकाळी मीटर 188 दाखवतो. मग तिथे सोळा-साडेसोळाच उरतात, रेग्युलेटर हात टेकतो आणि 100 हर्ट्झची घरघर थेट आवाजात उतरते. वर सूरही पडतो. ऑसिलेटरला एका सप्तकाला एक व्होल्ट असतो, म्हणजे एक मिलिव्होल्ट हलला तरी 1.2 सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग) फरक, आणि माझा पिच नॉब थेट रेलला जोडलेला. पेटीच्या काळी एकला लावलेला षड्ज दिवेलागणीला पेटीशी भांडायला लागतो.

हे सगळं न सांगता मी फक्त ‘18-0-18, एक अँपिअर’ म्हणाले. मिस्त्रींनी वायर मोजायच्या आधी विचारलं, “सांजेक व्होल्टेज किती येता, ता आधी सांग.” माझे चार तारे या प्रश्नाला आहेत. 188 ऐकल्यावर मान हलवली, म्हणाले 18 बरोबर. तेवढ्या व्होल्टेजलाही वीसच्या वर मिळतात.

कामही बघत बसावं असं. एक चौरस इंचाचा गाभा, व्होल्टला साधारण सहा फेरे. सेकंडरीच्या, म्हणजे कमी व्होल्ट देणाऱ्या वेटोळ्याच्या, दोन्ही वायरी एकत्र धरून गुंडाळल्या आणि पहिलीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडून मधला टॅप काढला. त्यामुळे दोन्ही अर्ध्या बाजू जुळ्या आल्या. प्रायमरी (230 घेणारं वेटोळं) आणि सेकंडरीमध्ये तांब्याचा पातळ पत्रा घातला. त्याला एक टोक काढून अर्थला दिलं, पण पत्र्याची कडा कडेला चिकटू दिली नाही, मध्ये कागद ठेवला. कडा मिळाली तर तोच एक शॉर्ट झालेला फेरा होतो. शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून उन्हात नाही, भट्टीत सुकवला. खाऱ्या वाऱ्यात हे नसेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर वाइंडिंगची खात्री देता येत नाही.

साडेसहाशे रुपये घेतले. मला महाग वाटले नाहीत.

आता एक तारा का कापला. टोकांना रंग नाहीत, सगळ्या स्लीव्ह पिवळ्या. कुठली वायर 230 ची हे त्यांनी तोंडी सांगितलं, कागदावर काही नाही. घरी येऊन रेझिस्टन्स मोजून खुणा केल्या: प्रायमरीचा बराच जास्त, सेकंडरीचा नगण्य. आणि पावती मागितल्यावर “ताई, पंपवाले पण मागणत नाय” असं हसून उत्तर मिळालं.

बसवताना कंडेन्सर 25 व्होल्टचे घेऊ नका. 230 असतानाच पंचवीसच्या जवळ जातात आणि रात्री उशिरा व्होल्टेज वर चढतं. मी 50 चे लावले. रेग्युलेटरना मोठे हीटसिंक लागतात, कारण वरचे दहा व्होल्ट उष्णतेतच जातात. उणे 15 देणाऱ्या 7915 ची धातूची पाठ उणे इनपुटला असते, 7815 ची ग्राउंडला. दोन्ही एकाच पत्र्यावर ठोकणार असाल तर 7915 खाली अभ्रक घाला.

सध्या संध्याकाळी 188 असतानाही अधिक-उणे 15 आकडा सोडत नाहीत, आणि षड्जही जागेवर असतो.

मे महिन्यात जाऊ नका, पंपांच्या रांगेत तुमचा ट्रान्सफॉर्मर मागे पडेल. गणपतीच्या तोंडावरही नको, तेव्हा सगळ्या मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर तिथेच येतात. पावसाचा जोर असताना, जुलैत गेलात तर मिस्त्री निवांत भेटतील. वायरींना लावायला रंगीत टेप मात्र स्वतःच न्या.