यादीतला लाल की पंपाच्या अंगावरचा लाल?

जुना पेट्रोल पंप, म्हणजे पेट्रोल भरायचं उभं यंत्र, हौसेनं घरी आणलेल्या माणसाला आधी गंज छळतो आणि मग रंग. गंजावरचे इलाज ठरलेले आहेत. रंगाच्या बाबतीत मात्र दोन पंथ आहेत, आणि दोन्ही स्वतःला अस्सल म्हणवतात. पहिला म्हणतो, संग्राहकांनी तेल कंपन्यांप्रमाणे रंगांचे कोड जमवून याद्या केल्यात, त्यातला कोड घ्या आणि दुकानातून डबा मिसळून आणा. दुसरा म्हणतो, पंपावरच कुठेतरी मूळ रंगाचा तुकडा शिल्लक असतो, तो शोधा आणि रंगाच्या दुकानातल्या रंग वाचणाऱ्या स्कॅनरखाली धरा. मी एकाच पंपावर दोन्ही केलं. पहिलं हौसेनं, दुसरं नाइलाजानं.

पंप टोकहाइम कंपनीचा, मॉडेल ३९, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. बाउझरनं १८८५ साली रॉकेलचा पंप काढला तो याच गावात, आणि पंप बनवणारी वेन कंपनीही इथलीच. अमेरिकेतली किर्लोस्करवाडीच म्हणा. मीही याच राज्यात राहतो, त्यामुळे असले पंप इथल्या जुन्या बाजारात अजून हाती लागतात. माझा आला तेव्हा वरून पांढरा होता, मालकानं ब्रशनं दोन हात मारलेला.

या दोन्हींखेरीज पावडर कोटिंग, म्हणजे पूड फवारून भट्टीत भाजलेला रंग, त्याबद्दल एका वाक्यात सांगतो: टिकाऊ आहे, पण एकदा टवका उडाला की घरी टचअप होत नाही. ट्रॅक्टरचा तयार इनॅमल स्वस्त आहे आणि शेतीच्या दुकानात मिळतो. फक्त तो ट्रॅक्टरचा लाल असतो.

यादीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रंग शोधायला काही खरवडावं लागत नाही. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ साली, म्हणजे या वयाच्या पंपावर शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती पूड गॅरेजभर होते, आणि आमच्या घरात दोन पोरं आहेत. पंप आधीच सँडब्लास्ट होऊन, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं सगळा रंग उडवून आला असेल तर यादीशिवाय दुसरा मार्गच नाही. पांढऱ्या आणि चंदेरी रंगासाठीही मी यादीच बघेन, त्याचं कारण पुढे येईल.

तर मी यादी धरली. टेक्साको या तेल कंपनीचा लाल, कोड लिहून घेतला, एक क्वार्ट डबा आणला. दारं आणि बाजूचे पत्रे त्यात झाले. वरचं झाकण राहिलं होतं. तीन आठवड्यांनी त्याच दुकानात तोच कोड देऊन दुसरा डबा घेतला आणि झाकण मारलं. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही लाल सख्खे भाऊ. मी खूश.

त्या वेळी बाबा सांगलीहून आले होते. दुपारी चारच्या उन्हात सगळं वाळत ठेवलं होतं, ते चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "झाकण एसटीचं आणि दार दुसऱ्याच गाडीचं आणलंस का रे?" बघितलं तर खरंच. झाकण आपल्या एसटीच्या लाल डब्यासारखं, किरमिजीकडे झुकलेलं, आणि दार जरा गुलाबीकडे. ट्यूबखाली जुळणारे आणि उन्हात फुटणारे रंग असतात हे वाचून माहीत होतं. दोन मिश्रणांत रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं, एका उजेडात एक दिसतात आणि दुसऱ्या उजेडात दोन. पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या ड्राइव्हवेवर बघणं वेगळं.

दुकानात विचारलं. काउंटरवरच्या मुलानं पडदा माझ्याकडे फिरवला. कोड एकच, पण त्याच्याखाली पर्यायी फॉर्म्युल्यांची रांग. यादीतला कोड ज्या जुन्या इनॅमलचा होता तो बनत नाही. त्यातली शिशाची रंगद्रव्यंही आता वापरत नाहीत. मग तो कोड आजच्या युरेथेन रंगामध्ये "जवळपास" म्हणून बसवलेला, आणि त्या जवळपासच्याही पुन्हा छटा. सांगलीच्या पेठेत "अहो पाटील" अशी हाक मारली की जितकी माणसं वळतात, तितके डबे त्या एका कोडमागे उभे. पहिल्या दिवशी एका मुलानं एक निवडला, तीन आठवड्यांनी दुसऱ्यानं दुसरा. कुणाची चूक म्हणावी? थोडी माझीही आहेच. गॅलन एकदम घेतला असता आणि सगळं एकाच दिवशी मारलं असतं तर हा फरक मला कळलाही नसता. पण पुढे कधी कोपऱ्यावर टवका उडाला, की पुन्हा त्याच पेठेत हाक मारायची. हे काही मला पटेना.

दुसरा मार्ग धरला तो तिथून. पंपाच्या अंगावर मूळ रंग शोधायचा तर उघड्या पत्र्यावर शोधू नका. तिथला लाल उन्हानं विटलेला असतो, त्यावरून हात फिरवला की खडूसारखी पूड निघते. माझ्या नशिबानं दारं आणि पत्रे घासताना मी नंबर प्लेट, म्हणजे पंपाचा नंबर कोरलेली धातूची पट्टी, काढली नव्हती. तिचे दोन खिळे हळूच उपटले आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढा लाल निघाला, जणू कालच मारलेला. बाजूला पाणी लावून बारीक पेपरनं रुपयाएवढी जागा घासली, तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसली: पांढरा, मग हिरवा, मग लाल, मग करडा प्रायमर. म्हणजे पंप मधे कुठल्यातरी हिरव्या कंपनीकडे गेला होता. यादीनं मला हे कधीच सांगितलं नसतं. टेक्साकोत फायर-चीफ हे पेट्रोल १९३२ पासूनचं आणि त्याचे पंप लाल, १९३८ च्या स्काय चीफचे चंदेरी. तळाला चंदेरी निघाला असता तर सगळा बेतच बदलला असता.

या मार्गाच्याही खोडी आहेत. पहिल्या स्कॅनला माझा लाल विटेसारखा तपकिरी आला, कारण तिकिटाच्या कडेवर मळ होता. रबिंग कंपाउंडनं हलकेच पुसून पुन्हा वाचलं तेव्हा नारिंगीकडे झुकलेला लाल आला, दोन्ही डब्यांपेक्षा उजळ. पांढऱ्याचा घोळ वेगळा. जुना इनॅमल अंधारात पिवळा पडतो, त्यामुळे प्लेटखालचा पांढरा स्कॅनरला क्रीम वाटतो. तो पत्रा काही दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवला तर पिवळेपणा बराच उतरतो, पण किती उतरला आणि किती राहिला हे अंदाजच. चंदेरीत धातूचे कण असतात, स्कॅनर तिथे गांगरतो. म्हणून वर म्हटलं, या दोन रंगांना यादी बरी.

प्रायमरचंही लक्षात ठेवा. लाल रंग फारसा झाकत नाही, खालचा करडा किंवा पांढरा वर डोकावतो. जो लाल स्कॅन केला तो करड्यावर होता, तर नवाही करड्यावरच मारा. आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, देऊ नका, असं माझं मत. पंप चोखलेल्या लॉलीपॉपसारखा चमकतो. एका थरातला साधा युरेथेन मला जास्त खरा वाटला. तो मारताना मास्क मात्र चांगला हवा.

तुमचा पंप अजून खरवडलेला नसेल तर मी नंबर प्लेटच्याच बाजूनं. स्कॅन झाल्यावर दुकानदाराकडून कोड न घेता पूर्ण फॉर्म्युला छापून घ्या, कुठलं रंगद्रव्य किती ग्रॅम ते. माझा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. मागच्या पावसाळ्यानंतर दाराच्या कोपऱ्याला टचअप केलं ते त्याच कागदावरून, आणि चारच्या उन्हात तो कोपरा मलाच शोधावा लागला.

प्लेटचे ते दोन खिळे मात्र टाकू नका. नवे मिळतात, पण डोक्याचा घाट जुळत नाही.