दाढीचा ब्रश: ब्लीच केलेला घ्यावा की नैसर्गिक?

डुकराच्या केसांचे दोन ब्रश, माप एकच: झुपका बुडाशी 27 मिलिमीटर, केसांची उंची 57. एकाचे केस ब्लीच करून पांढरट केलेले, दुसऱ्याचे मूळच्या करड्या-तपकिरी रंगाचे. ब्लीचने रंग जातोच, शिवाय केसाचं बाहेरचं आवरणही थोडं झिजतं. त्यामुळे केस मऊ पडतो, पाणी लवकर पितो आणि त्याचा ताठपणा कमी होतो. दोन्ही ब्रशमधला बाकी सगळा फरक यातूनच येतो.

पहिले काही दिवस नैसर्गिक ब्रश गालाला टोचतो. ब्लीच केलेला आठ-दहा दाढ्यांत बराच मऊ होतो, नैसर्गिक मुरायला महिना-दीड महिना सहज घेतो. मुरणं म्हणजे केसांची टोकं दुभंगणं. मुरलेल्या ब्रशचा एक केस उजेडात धरून पाहिला, तर शेंड्याला दोन-तीन फाटे दिसतात. फेस धरून ठेवायचं आणि गालाला मऊ लागायचं काम तेच करतात. म्हणून पहिल्या आठवड्यात कुठल्याच ब्रशबद्दल मत बनवू नये.

नव्या ब्रशला जनावराचा वास येतो. साबणाचा दाट फेस करून तो रात्रभर ब्रशमध्येच ठेवावा, सकाळी धुवावा. दोन-तीनदा असं केलं की वास जातो. सुरुवातीला थोडे केस गळणारच. महिन्यानंतरही रोज गळत असतील तर चिकटवण्यात दोष आहे, ब्रश बदलून घ्यावा.

दाढीआधी ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, ब्लीच केलेला दोन-तीन मिनिटं, नैसर्गिक पाच. पाणी हाताला सोसेल इतपतच. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि बुडाचा गोंद सुटू शकतो. फेस गालावर गेल्यावर अचानक विरला, तर बहुतेक वेळा भिजवणं कमी पडलेलं असतं: कोरडे केस फेसातलंच पाणी शोषतात. टोकांवर चार-पाच थेंब पाणी घेऊन पुन्हा फिरवलं की फेस परत येतो.

कडक साबणाच्या वडीवर नैसर्गिक ब्रश स्पष्टपणे सरस आहे. वीस-पंचवीस फेऱ्यांत भरपूर साबण उचलतो आणि दाबला तरी पसरून आडवा होत नाही. ब्लीच केलेल्याला त्याच वडीवर जास्त वेळ लागतो, आणि घाईत जोर दिला की झुपक्याच्या मधोमध खड्डा पडू लागतो. क्रीम वापरणाऱ्याला मात्र हा ताठपणा नकोच असतो. बदामाएवढं क्रीम वाटीत घोटायला ब्लीच केलेला उत्तम, आणि नाजूक त्वचेलाही तोच मानवतो.

मुरल्यावर टोकांचा मऊपणा जवळपास सारखा होतो, पण बुडाचा जोर नैसर्गिकमध्येच टिकून राहतो. कडक साबण आणि दाट, राठ दाढी असेल तर थोडा धीर धरून नैसर्गिकच घ्यावा.

वापरल्यावर ब्रश धुवून, झटकून, टॉवेलवर हलका पुसून उघड्यावर वाळवावा, डबीत बंद करू नये. आतपर्यंत वाळायला दिवसभर तरी लागतो, म्हणून रोज दाढी करणाऱ्याने दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. पांढऱ्या केसांवर काळा पट्टा रंगवलेले ब्रशही मिळतात. तो पट्टा नुसता रंग असतो, पहिल्या धुण्यांत थोडा उतरू शकतो, आणि फेसाच्या दृष्टीने त्याला जास्त पैसे मोजायचं कारण नाही.